पाय खाली, नजर समोर

गिटार घेऊन मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे जाणार असाल तर खुर्ची सोबत न्या. हे मी चिडून लिहिते आहे, गमतीनं नाही. बिनहातांची, सपाट बैठकीची, साधी लाकडी खुर्ची. कार्यक्रम ठरला तेव्हा संयोजकांना मी काय काय लागेल ते कळवलं होतं. त्यात पहिली ही खुर्ची होती, दुसरी उघडी लाकडी फळी आणि तिसरं पिण्याचं पाणी. पाणी मिळालं.

मी पुण्याची. पन्नाशी ओलांडली आहे. दिवसा एका कारखान्याचं भांडार सांभाळते आणि संध्याकाळी, गेली बरीच वर्षं, फ्लॅमेन्को गिटार वाजवते. फ्लॅमेन्को ही स्पेनच्या दक्षिणेकडची कला. तीत गाणं असतं, गिटार असते, टाळ्या असतात आणि पायांनी जमीन वाजवत केलेला नाच असतो. कथ्थक पाहिलेल्या माणसाला ती लगेच कळते. आमच्या पुण्याच्या वर्गात माझ्याबरोबर नाच शिकणारी मंजिरी मूळची सौंसर तालुक्यातली. वडिलांची रामाकोन्याला संत्र्याची बाग, नवरा सौंसरला शिक्षक. लग्नानंतर ती तिकडे परत गेली आणि घराच्या पुढच्या खोलीत मुलींचा वर्ग घ्यायला लागली. खोलीला फरशी आहे. फरशीवर पाय आपटला की धक्का सरळ गुडघ्यात जातो. तिचे गुडघे सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, लाकडावर नाचा, नाहीतर नाच सोडा.

सौंसरमध्ये चांगला लाकडी मंच एकच आहे, तिथल्या एका सांस्कृतिक मंडळाच्या हॉलमध्ये. सागवानी आहे. मंडळाच्या अध्यक्षांना सगळं गाव काकाजी म्हणतं. ते मंजिरीला म्हणाले होते, ‘‘आधी दोन प्रोग्राम करून दाखव. एक पांढुर्ण्याले, एक आपल्या सौंसरले. लोकाले पसंत पडलं तर हॉल तुह्या वर्गाले देऊन टाकू.’’

नाच मंजिरीचा, गिटार माझी. म्हणून मी गेले.

पांढुर्णा

स्टेशनवर उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. मंजिरी शाल गुंडाळून उभी होती. तिनं आधी मला एका टपरीवर नेलं आणि पोहे मागवले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड येते. इथे बशीतल्या पोह्यांवर दुकानदारानं हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली, इतकी की पोहे दिसेनासे झाले. मी म्हटलं, थोडी कमी. तो म्हणाला, ‘‘बाई, मंग पोहे कायले घेता?’’ खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि दुसरी बशी मीच मागितली. या प्रवासात जिभेनं मला कुठेही दगा दिला नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तक्रारी पुष्कळ आहेत.

हॉलवर पोचलो तर मंचावर माझ्यासाठी सिंहासन मांडलेलं. अतिशयोक्ती नाही. मंगल कार्यालयातलं नवरदेवाचं सिंहासन, लाल मखमल, सोनेरी हात आणि हातांच्या टोकाला सिंहाची तोंडं. त्याच्याशेजारी मफलर गुंडाळलेले साठीचे गृहस्थ अभिमानानं उभे होते. हेच काकाजी, सौंसरचे कापडाचे व्यापारी.

‘‘मॅडम, खास तुमच्यासाठी आणलं. पुण्याचे पाव्हणे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवाचे काय?’’

‘‘काकाजी, गिटार कुठं ठेवू? सिंहाच्या तोंडात?’’

ते हसले, पण सिंहासन हललं नाही. शेवटी मंजिरी शेजारच्या शिंप्याकडून त्याची बसायची खुर्ची घेऊन आली. त्याला त्या दिवशी उभ्यानं कापड बेतावं लागलं असेल. त्याची मी मनापासून माफी मागते.

आता मुद्द्याची गोष्ट. ही गिटार वाजवायला बसतात ते असं: उजवा पाय डाव्या मांडीवर टाकायचा आणि त्या वरच्या मांडीवर गिटारीची कंबर टेकवायची. पाठ सरळ, खांदे सैल. बोटांकडे पाहायचं नाही. बोटं पाहायला वाकलं की गिटार उताणी होते, उजवं मनगट मुडपतं आणि थोड्याच दिवसांत मान धरते. माझ्या शिक्षकांनी सुरुवातीला मला तासन्‌तास नुसत्या भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, ते याचसाठी. मग पाहायचं कुठे? साथीला बसलात तर नाचणारीच्या पायांकडे. तुकडा संपवायचा असला किंवा चाल बदलायची असली की ती पायांनी एक ठराविक, ठसठशीत आघात देते. त्याला मी ‘हाक’ म्हणते. हाक आली की गिटारीनं तिथल्या तिथे बदलायचं. चुकली, तर नाचणारी मंचाच्या मधोमध उघडी पडते. याहून वाईट दुसरं काही साथीदाराच्या हातून घडू शकत नाही.

मी बसले, पाय टाकला, मंजिरीकडे वळले. दोन सूर वाजवले नाहीत तोच समोरून काकाजींचा आवाज आला.

‘‘मॅडम, पाय खाली.’’

‘‘का?’’

‘‘इथं समोर सोफे लागतेत. पाव्हणे बसतेत, डॉक्टर, सर, व्यापारी मंडळी. तुमची चप्पल सिधी त्यांच्या तोंडाकडे.’’

‘‘चप्पल नाही, बूट आहे.’’

‘‘मंग तर अजूनच बेकार. अन् तुमी तिकडे काहून पाहून राहिल्या? लोकं तर इकडे हायेत.’’

मी त्यांना समजावलं. खरोखर समजावलं, आवाज न चढवता. म्हटलं, कथ्थकला तबलजी नाचणारीच्या पायांकडे पाहतो की नाही? त्याला कोणी म्हणतं का, समोर बघ, हस?

काकाजी म्हणाले, ‘‘तबलजी मांडी घालून बसते. त्याचा तळपाय कोणाले दिसते?’’

या उत्तरात तथ्य होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. पाहुण्याला तळवा दाखवू नये, हे मला माहीत नाही का? आमच्या घरीही वडीलधाऱ्यांकडे पाय करून कोणी बसत नव्हतं. पण वाद्याचं म्हणून एक बसणं असतं. पखवाज उभा ठेवून वाजवून दाखवा असं कोणी म्हणत नाही. सनई नाकाखाली धरू नका, बरं दिसत नाही, असं कोणी म्हणत नाही. गिटार मात्र सगळ्यांना माहीत असते, कारण प्रत्येकाच्या कॉलेजात कोणीतरी ती गळ्यात अडकवून उभ्यानं, पोरींकडे बघत वाजवलेली असते. त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा अधिकार सगळ्यांना!

मी आणखी बोलणार होते. पण मंजिरी खाली उतरून काकाजींच्या मागे उभी राहिली होती आणि तिनं फक्त मान हलवली. नको. हॉल.

मी पाय खाली घेतला. मंचावर कोणीतरी जाड गालिचा अंथरला होता. तो काढा म्हटलं, तर ‘‘लाकूड उघडं बरं दिसत नाही’’ म्हणे. पायांनी वाजवायच्या नाचाखाली गालिचा! तबल्यावर उशी ठेवून वाजवा म्हणायचं तेवढं बाकी होतं. त्यावर मात्र मी हटले नाही. गालिचा अर्धा गुंडाळला गेला.

संध्याकाळी हॉल भरला. सोफ्यांवर पांढऱ्या खोळी, पुढे तिवईवर संत्र्याचा रस. सत्काराला इतका वेळ गेला की माझी बोटं गार पडली. मग आम्ही सुरू केलं. दोन्ही पाय जमिनीवर, गिटार मांडीवरून घसरते आहे, ती सावरायला डावा हात अडकलेला, तोंड सोफ्यांकडे. तरी मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मंजिरीचे पाय धरून ठेवले होते. पण पहिल्या रांगेतून काकाजी मला तळहातानं खुणावत होते, वर, वर, इकडे पाहा. फोटोग्राफर गुडघ्यावर सरकत पुढे आला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, स्माइल!’’ मी त्याच्याकडे पाहिलं.

तेवढ्यात हाक आली, आणि माझी चुकली.

मंजिरीनं पुन्हा हाक दिली. मी उशिरा वळले, मधल्या मात्रेत शिरले, सगळंच घसरलं. तिनं तिसऱ्यांदा पाय आपटला, जोरात, आणि मग मला समेवर ओढून आणलं. टाळ्या पडल्या. टाळ्या काय, पडतातच. पडद्यामागे ती पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला.

बाहेर एक बाई आपल्या जावेला सांगत होत्या, ‘‘नाच चांगला होता वो, पण पोरीले शेवटी राग कायचा आला? पाय आपटून राहिली होती नुसती.’’

रामाकोना

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजिरीच्या वडिलांच्या बागेत जेवण होतं. रस्ता सुंदर आहे, रागात असूनही ते माझ्या लक्षात आलं. एका बाजूला फुटलेला कापूस, दुसऱ्या बाजूला संत्र्याची ठेंगणी गोल झाडं, फळांनी इतकी वाकलेली की फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. मागे सातपुड्याच्या बुटक्या टेकड्या. आमच्याकडच्या डोंगरांसारख्या त्या अंगावर येत नाहीत, लांब बसून राहतात.

बागेत गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजत होते, म्हणजे जाड कणकेचे गोळे. राख झटकून, फोडून त्यात तूप ओततात आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खातात. मंजिरीचे वडील, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, आग्रहानं वाढत होते. मी तिसऱ्या रोडग्याला नाही म्हटलं तेव्हा म्हणाले, ‘‘पुण्याचं पोट हाय, छोटं राहते.’’

जेवण झाल्यावर झाडाखाली मी मंजिरीला सांगून टाकलं. ‘‘आज संध्याकाळी सौंसरला मी तसं वाजवणार नाही. माझी हाक चुकली, मार तुझ्या गुडघ्याला बसला. हे मी पुन्हा करणार नाही.’’

‘‘ताई, तुम्ही उद्या पुण्याला जाल. मला इथंच राहायचं आहे.’’

‘‘म्हणून चुकीचं वाजवू?’’

‘‘म्हणून काकाजींना दुखवू नका.’’

‘‘आणि काकाजींनी तुझा गुडघा दुखवला तर चालतं?’’

ती चिडली. चिडली की तिची पुण्याची भाषा सुटते. ‘‘तुमाले काय वाटते, मले राग येत नाही? मी दोन वर्सांपासून त्या हॉलच्या चाव्या मागून राहिली. एक बार लग्नाचं सामान ठेवलं म्हणते, एक बार निवडणूक म्हणते. आत्ता कुठं हो म्हणाच्या गोष्टीवर आले.’’

भाऊ लांबून ऐकत होते. संत्रं सोलत म्हणाले, ‘‘मॅडम, काल पाय खाली ठेवून गिटार धड वाजली काय?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग ठेवाचा कायले?’’

‘‘भाऊ, तुमी नका बोलू,’’ मंजिरी म्हणाली. ‘‘काकाजीच्या दुकानात उधारी तुमची, बोलणी माह्या वाट्याले.’’

भाऊ हसले. मग मंजिरीलाही हसू आलं. आणि ती एकदम म्हणाली, ‘‘ताई, जामसावळीला आमचा मारुती आहे ना, तोसुद्धा निजलेला आहे. आजपर्यंत कोणी त्याले म्हटलं नाही, बाप्पा, पाहुणे आले, नीट बस.’’

मी रागात होते, तरी हसले. पण माझा निर्णय बदलला नाही. तिला मी एवढंच कबूल केलं की बुटाचा तळवा सोफ्यांकडे जाणार नाही.

सौंसर

सौंसरचा मंच पाहिला आणि मंजिरी इतकी का अडून बसली आहे ते मला कळलं. रुंद सागवानी फळ्या, खाली पोकळी. मी टाच टेकवली तर मंच उत्तर दिल्यासारखा घुमला. असा मंच पुण्यात भाड्यानं घ्यायचा तर आमच्या वर्गाला परवडत नाही. इथे तो वर्षातले बहुतेक दिवस कुलपात असतो आणि त्यावर लग्नांच्या खुर्च्या रचून ठेवतात. कोणावर चिडावं हे कळेना म्हणून मी सगळ्यांवर चिडले.

खुर्ची मी स्वतः निवडली. मंडळाच्या कार्यालयातली, कारकुनाची, बिनहातांची. ती मंचाच्या कडेला, पूर्ण आडवी मांडली. पाय टाकला की तळवा मागच्या पडद्याकडे जात होता. तोंड मंजिरीकडे. सोफ्यांना माझा उजवा खांदा आणि बरीचशी पाठ दिसत होती. पाठीबद्दल मी काही कबूल केलं नव्हतं, आणि दुसरा उपायही नव्हता.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत कुजबूज झालेली मला ऐकू आली. ‘‘मॅडम!’’ असं काकाजींनी दबक्या आवाजात म्हटलेलंही ऐकू आलं. मी पाहिलं नाही. मी मंजिरीच्या पायांकडे पाहत होते आणि तिथून हलणार नव्हते. फोटोग्राफर विंगेतून आला, मी त्याच्याकडेही पाहिलं नाही. तिचा घोटा थोडा वळला की मला पुढचं कळत होतं. टाच, पंजा, टाच. मग ती थांबली, हात हळूच वर गेले, आणि हाक आली. मी तिच्याबरोबरच बदलले. ती हसली, लोकांकडे नाही, माझ्याकडे. मागच्या रांगांमधून कोणीतरी ‘‘वा रे वा!’’ म्हणून ओरडलं. शेवटचा आघात दोघींचा एकाच क्षणी पडला आणि लाकूड घुमत राहिलं.

टाळ्या आदल्या दिवसापेक्षा वेगळ्या होत्या. त्या संपेपर्यंत काकाजी विंगेत आलेले होते.

‘‘मॅडम, वाजवलं गोड. मी डोये मिटून ऐकलं. पण डोये उघडले की तुमची पाठ. समोरची मंडळी मी घरोघरी जाऊन बोलावली. डॉक्टर त्यांचा दवाखाना बंद करून आले. तुमी त्यांच्याकडे एक बार तरी पाहाचं होतं.’’

‘‘मी त्यांच्यासाठीच वाजवत होते.’’

‘‘त्यांच्यासाठी, अन् तोंड तिकडे? तुमच्या घरी पाव्हणा आला तर भिताडाकडे तोंड करून चहा देता काय?’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यांना माझं उत्तर नको होतं. ते मंजिरीकडे वळले. ‘‘तुहा नाच लोकाले पसंत आला. डॉक्टरच म्हणाले, पोरींले शिकवा हे. हॉल घे. रोज सकाळी घे. पण एक गोष्ट. पोरींले समोर पाहाले शिकवजो. पाव्हण्याकडे पाठ करणं माह्या हॉलात चालणार नाही.’’

मी मंजिरीकडे पाहिलं. आता बोल, असं मनात म्हटलं. आत्ताच सिद्ध करून दाखवलंस, हॉलभर लोकांनी पाहिलं, आता सांग.

‘‘हो काकाजी,’’ ती म्हणाली, आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

घरी जाताना मी न राहवून म्हटलं, ‘‘इतक्या सहज हो म्हणालीस?’’

‘‘चाव्या मिळाल्या ना ताई.’’

‘‘आणि मुलींना काय शिकवणार? सोफ्यांकडे बघून हसायला?’’

‘‘तुम्ही उद्याची सकाळ थांबा,’’ ती म्हणाली.

मला थांबायचं नव्हतं. माझं परतीचं तिकीट सकाळचं होतं, ते बदलून घ्यावं लागलं. त्याचाही मला राग आला.

हॉल

सकाळी मुली आल्या, स्वेटर घालून, वेण्यांना तेल लावून. लग्नाच्या खुर्च्या आम्ही सगळ्यांनी मिळून मंचावरून खाली उतरवल्या. मंजिरीनं मला कडेला बसवलं. मुलींना तिनं साधा ठेका दिला, टाच आणि पंजा. त्या फळ्यांवर पहिल्यांदाच पाय वाजवत होत्या. आवाज ऐकून एकमेकींकडे बघून खिदळत होत्या.

मग काकाजी आले. दुकान उघडायच्या आधी, मफलर बांधून. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि मंचासमोर बरोबर मधोमध बसले. शब्द पाळला जातो की नाही ते बघायला आले होते, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मंजिरी म्हणाली, ‘‘समोर पाहा.’’ मुलींनी काकाजींकडे पाहिलं. सगळ्यांनी. एकीनं हात जोडले. दुसरीला हसू फुटलं आणि ती ते दाबायला लागली. पाय विस्कटले. ठेका गेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेला. एक लहानगी काकाजींकडे पाहता पाहता कडेला सरकत गेली आणि मंचावरून पडता पडता वाचली. काकाजी खुर्चीतून उठून उभे राहिले.

‘‘अवो, पायाकडे पाहा न पोरींनो! पडसान!’’

मी गिटारीवर हात ठेवला. बोलायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं आणि ते पाळलं.

मंजिरी मंचावरून उतरली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘‘काकाजी, तुमी इथं बसले तोवर ह्या पोरी तुमच्याकडेच पाहतीन. नाचतीन केव्हा?’’

‘‘मंग मी काय करू?’’

‘‘बाहेर बसा.’’

‘‘माह्या हॉलातून मलेच बाहेर?’’

‘‘शिकून झालं की बोलावते. तेव्हा सगळ्या तुमच्याकडे तोंड करून उभ्या राहतीन. तोपर्यंत बाहेर बसा.’’

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मंजिरीच्या पायांकडे पाहत होते. मग त्यांनी खुर्ची उचलली, स्वतःच, आणि दाराबाहेर उन्हात नेऊन ठेवली. जाता जाता म्हणाले, ‘‘हळू आपटा बरं का. साग हाय तो.’’

मंजिरीनं त्यांच्यामागे दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.